चोरीची रेघ, गहाळची रेघ

सोमवार, ४ फेब्रुवारी

आज साहेबांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं. राज्यातल्या चाळीस वर्षांच्या गुन्ह्यांचा अहवाल निघणार, तो मंत्र्यांपुढे मांडला जाणार, आणि मुखपृष्ठावर संपादक म्हणून नाव माझं! आमच्या गुन्हे नोंद कार्यालयाच्या पुस्तकांवर आजवर कुणाचं नाव आलेलं नाही. आत पहिल्या पानावर संचालक साहेबांचा फोटो तेवढा असतो, आणि तोही प्रत्येक वर्षी तोच.

मी कल शाखेची प्रमुख. कल शाखा म्हटलं की लोकांना वाटतं आम्ही निवडणुकीचं काहीतरी बघतो. आमचं काम साधं आहे. राज्यातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यातून गुन्ह्यांचे आकडे येतात, त्यांची बेरीज करायची, लोकसंख्येने भागायचं, एक लाख माणसांमागे किती गुन्हे ते काढायचं आणि वर्षामागून वर्षं ठिपके जोडत रेघ काढायची. नोकरीला लागले तेव्हापासून हेच करतेय, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं.

या सगळ्यात लाडकी रेघ चोरीची. सुरुवातीची वर्षं ती चढत जाते, चढत जाते, आणि मग एका वर्षी अशी घसरते की आजतागायत खालीच. ज्या वर्षी घसरली त्या वर्षी आमचे साहेब पोलीस खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. ज्या ठाण्यात सगळ्यात कमी चोऱ्या त्याला चांदीची ढाल, अशी त्यांनी स्पर्धा लावली होती. ती गोष्ट ते दर सभेत सांगतात. आम्ही दर सभेत नव्याने ऐकतो.

घरी येऊन सांगितलं. हे म्हणाले, "वा! आता शाळेत सांगतो, आमच्या घरात गुन्हेगारीचं संपादन होतं." भूगोलाच्या मास्तरांचे विनोद असेच. आई म्हणाली, "बरं झालं. धाकटीला कळवलंस का?"

माझी आनंदाची बातमी, आणि पहिलं वाक्य धाकटीचं.

बुधवार, ६ फेब्रुवारी

अंगाचा नुसता तिळपापड झालाय.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, असल्या अहवालाला बाहेरचा एक तज्ज्ञ लागतो, तसा नियम आहे, आणि विद्यापीठाने नाव पाठवलंय. कागद माझ्याकडे सरकवला. नाव वाचलं आणि वाटलं, हे कोणीतरी मुद्दाम करतंय.

"तुमच्याच भगिनी ना?" साहेब खूश. "म्हणजे घरचंच काम झालं!"

घरचंच! तिला भागाकार मी शिकवला. हातचा कुठे लिहायचा, शून्य खाली कधी ओढायचं, सगळं मी. शाळेत मास्तरीणबाई म्हणायच्या, धाकटी हुशार आहे हो, मोठीपण बरी आहे. बरी! पुढे ती संख्याशास्त्राची डॉक्टर झाली आणि मी सरकारी नोकरीतली बेरीजवाली. जिथे जिथे मी म्हणून उभी राहिले तिथे हिचं येणं ठरलेलं. आता माझ्या मुखपृष्ठावरही येणार.

"हो साहेब, बहीणच," म्हटलं. वर हसून दाखवलं. गाल दुखले.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

आली. साधी सुती साडी, खांद्याला पिशवी, केस अर्धे पांढरे. रंगवत नाही. आणि तरी शोभतं, हे खरं दुखणं आहे. मी दर महिन्याला रंगवते, आणि पट्टी तरी विचारतो, "बाई, बरं वाटत नाही का?"

पट्टी म्हणजे आमचा आलेख काढणारा. संगणक येऊन जमाना झाला तरी याच्या हातात लाकडी पट्टी असते. रेघेसाठी नाही, तिने तो पाठ खाजवतो. साहेब आले तरी हा खुर्चीतून उठत नाही. आज धाकटी दारात दिसताच उभा राहिला, पट्टी खाली ठेवली आणि म्हणाला, "या डॉक्टरबाई." दुपारपर्यंत सगळं कार्यालय तिला डॉक्टरबाई म्हणायला लागलं. मला इथे बाई म्हणतात. पुढे काही नाही, नुसतं बाई.

मी तिला सगळ्या रेघा दाखवल्या. खून, दरोडा, घरफोडी, फसवणूक. चोरीच्या रेघेपाशी ती थांबली. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, गहाळचे आकडे कुठे असतात गं?"

आता जी वस्तू हरवली, पडली, विसरली, तिची ठाण्यात 'गहाळ' म्हणून नोंद होते. तो गुन्हा नव्हे, त्यामुळे तो आमच्या पुस्तकात येत नाही. ठाण्यांकडून आकडे येतात आणि पडून राहतात. मी तिला तसं समजावलं. "गहाळ म्हणजे लोकांचा वेंधळेपणा गं. त्याची कसली रेघ काढायची?"

"अच्छा," ती म्हणाली. आणि माझ्याकडे बघत राहिली.

तो 'अच्छा' माझ्या डोक्यात गेला. मी रागाने चहाला निघून गेले. परत आले तेव्हा ती पट्टीशी काहीतरी बोलत होती. मला बघून दोघं गप्प झाले. माझ्याच शाखेत!

रविवार, १७ फेब्रुवारी

धाकटी जेवायला आली होती. आईसाठी गुडघे शेकायची पिशवी घेऊन आली, विजेवर गरम होणारी. मग काय! आईने दोनदा डोळे पुसले. "किती गं तुला काळजी!" मी रोज सकाळ-संध्याकाळ तेल लावून गुडघे चोळते, माझे अंगठे वाकडे व्हायची वेळ आली, पण ते तेल. तेलाला कोण डोळे पुसणार.

जेवताना हे तिची थट्टा करत होते. "काय मेहुणीबाई, आमच्या राज्यात सगळ्यात मोठा गुन्हेगार कोण?"

"तुम्ही, भाओजी. ताईला घरकामात मदत करत नाही."

सगळे हसले. मीपण हसले. हे मात्र लगेच उठून ताटं उचलायला लागले. मी इतकी वर्षं सांगतेय!

भांडी घासायला दोघी उभ्या राहिलो तेव्हा तिने परत काढलं. "ताई, ते गहाळचं एकदा बघशील? जुन्या वर्षांचं."

माझ्या तोंडून निघून गेलं, "जुने आकडे नष्ट केले. नियमाप्रमाणे."

तिने हातातलं पातेलं फिरवून फिरवून घासलं. "बरं," म्हणाली. एवढंच.

नष्ट वगैरे काही केलेलं नाही. संगणकात आहेत सगळे. पण माझ्या शाखेत काय बघायचं ते मी ठरवीन. ती गेल्यावर आई म्हणाली, "पातेलं बघ कसं लख्ख केलंय." मी ते पातेलं कपाटात मागे ठेवून दिलं.

सोमवार, २५ फेब्रुवारी

धाकटी साहेबांच्या केबिनमध्ये. दार बंद. मी फायलींच्या निमित्ताने तिथून इतक्या वेळा गेले की शिपाई म्हणाला, "बाई, पाय मोकळे करताय का?"

बाहेर आली तेव्हा चेहरा उतरलेला होता. साहेबांचाही. मी विचारलं, "काय एवढं चाललं होतं?"

"काही नाही गं. तुझंच बोलत होतो."

माझंच! तोंडदेखलं तरी नीट बोलावं माणसाने. माझं बोलत होते तर दार कशाला लावलं? नक्की मुखपृष्ठाचं काहीतरी शिजतंय. संध्याकाळी साहेबांनी मला हाक मारून सांगितलं, "बाई, अहवाल आहे तस्साच जाऊ द्या. नवीन काही घालू नका. तुमचं नाव पक्कं आहे." आपणहून सांगितलं, मी विचारलंही नव्हतं. पक्कं असतं तर पक्कं आहे म्हणून सांगायची गरज काय होती?

शुक्रवार, १ मार्च

सभेचा कार्यक्रम आला. आधी मी, सगळा अहवाल. नंतर 'तज्ज्ञांचा अभिप्राय', दहा मिनिटं. म्हणजे मी घाम गाळून ताट वाढायचं आणि हिने शेवटी येऊन मीठ कमी आहे म्हणून सांगायचं. लोकांच्या लक्षात तेवढंच राहतं.

तिला फोन केला, सहज म्हणून. "दहा मिनिटांत काय बोलणार आहेस?"

"ठरवलं नाही गं अजून."

ती! लहानपणी सहलीला जायचं तर आदल्या आठवड्यात मोजे घडी करून ठेवणारी. म्हणे ठरवलं नाही.

रविवार, ३ मार्च

यांची सायकल गेली.

वाचनालयाच्या कठड्याला साखळीने बांधून हे आत पेपर वाचत बसले होते. बाहेर आले तर सायकल नाही, कापलेली साखळी तेवढी खाली पडलेली. ती साखळी घेऊन हे ठाण्यात गेले. दुपारी घरी आले ते पायी, हातात एक कागद.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"चांगला माणूस होता. बसायला खुर्ची दिली. म्हणाला, मास्तर, चोरी लिहिलं तर जागा बघायला यावं लागेल, साक्षीदार लागतील, तुम्हाला दहा खेपा पडतील. त्यापेक्षा गहाळ लिहा, पाच मिनिटांत मोकळे. लिहिलं."

"गहाळ?"

"हो."

"अहो, कुलूप लावलेली सायकल गहाळ कशी होईल? ती काय साखळी तोडून फिरायला गेली?"

"ते मी त्याला म्हटलं. तर तो म्हणाला, मास्तर, इथे सगळ्यांच्याच जातात फिरायला." हे हसायला लागले. मग माझं तोंड बघून थांबले. "काय झालं?"

काही नाही म्हटलं. पण धाकटीचा तो 'अच्छा' कानात वाजत होता.

सोमवार, ४ मार्च

सकाळी सगळ्यांच्या आधी कार्यालयात गेले. फक्त पट्टी होता. त्याला म्हटलं, "गहाळचे जुने आकडे काढ. सगळी वर्षं."

"काढलेलेच आहेत," तो म्हणाला.

"कुणी काढायला सांगितले?"

"डॉक्टरबाईंनी. पहिल्याच दिवशी. तुम्ही चहाला गेला होतात."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

पट्टीने पट्टी पाठीत घातली. "त्या म्हणाल्या, बाईंना सांगू नका, त्यांचं त्यांना बघू दे."

बघू दे! म्हणजे माझी फजिती बघू दे! आणि त्याच्याही वर, त्या रविवारी मी भांडी घासताना 'नष्ट केले' म्हणाले तेव्हा तिच्याकडे सगळे आकडे होते. मी खोटं बोलतेय हे तिला कळत होतं. कळत असून पातेलं घासत होती. यापेक्षा तिने ते पातेलं माझ्या डोक्यात घातलं असतं तरी चाललं असतं.

मग पट्टीने दोन्ही रेघा एकाच कागदावर काढून दिल्या. ज्या वर्षी चोरी खाली येते त्याच वर्षी गहाळ वर जाते. पुढच्या वर्षी चोरी आणखी खाली, गहाळ आणखी वर. बागेतल्या सी-सॉवर दोन पोरं बसावीत तशी. आणि दोन्हींची बेरीज केली तर रेघ कुठेच उतरत नाही, आपली वर-वरच सरकत राहते. ढाल मिळवायची म्हणून ठाण्यांनी चोरी लिहायचंच सोडलं. ढाल बंद झाली, सवय राहिली.

इतकी वर्षं मी ही रेघ काढतेय. भाषणांना आकडे दिले, शाळांच्या पुस्तकांत छापायला दिली. लोकांच्या सायकली गेल्या, पाकिटं गेली, आणि मी म्हणत होते, राज्यात चोऱ्या कमी झाल्या.

वाईट वाटलं का? वाटलं. खरं लिहायचं तर, चूक झाली याचं जेवढं वाटलं त्याहून जास्त, ती तिला आधी दिसली याचं. तिने यायचं, एकदा बघायचं आणि ओळखायचं. मला यांची सायकल जावी लागली.

शुक्रवार, ८ मार्च

आता सगळं स्पष्ट आहे. त्या दहा मिनिटांत ती हेच मांडणार. मी आधी उतरती रेघ दाखवून फुशारकी मारायची, आणि मग हिने उठून गोड आवाजात सांगायचं, ताईंच्या रेघेत थोडीशी गडबड आहे. मंत्र्यांपुढे, साहेबांपुढे, पट्टीपुढे. माझं नाक कापायची याहून छान जागा तिला सापडणार नाही. म्हणून तर दबा धरून गप्प बसलीय.

यांना सांगितलं. हे म्हणाले, "मग तू काय करणार?"

"तिच्या आधी मीच सांगणार."

"आणि तुमचे साहेब? त्यांची ती ढाल?"

"साहेबांचं साहेब बघतील."

"आणि मुखपृष्ठ?"

मुखपृष्ठ गेलं तर मी काय करीन मला माहीत नाही. त्यावर कुठल्या अक्षरात नाव घ्यायचं तेसुद्धा पट्टीने मला दाखवून ठेवलंय. पण गप्प बसले तर मुखपृष्ठावर नाव माझं आणि तोंडावर हसू धाकटीचं, ते मला मरेपर्यंत दिसत राहील.

"अगं, तिला सरळ विचार ना," हे म्हणाले. "सख्खी बहीण आहे तुझी. तू हे बोलणार आहेस का, म्हणून विचार."

"मी? तिला? विचारायला जाऊ?"

हे पेपर वाचायला लागले. यांना बहीण नाही. दोन भाऊ आहेत, ते एकमेकांशी क्रिकेटशिवाय बोलत नाहीत. यांना काय कळणार.

शुक्रवार, १५ मार्च

झालं.

मोठं दालन, लांब टेबल. मंत्री मधोमध, साहेब त्यांच्या उजवीकडे, धाकटी टेबलाच्या टोकाला. खून, दरोडे, घरफोड्या नीट सांगितल्या. मग पडद्यावर चोरीची रेघ आली. साहेब खुर्चीत सरसावून बसले आणि मंत्र्यांकडे झुकले, ढालीची गोष्ट सांगायला. ते तोंड उघडणार इतक्यात मी पट्टीला खूण केली आणि दुसरी रेघ आणली.

"ही गहाळची," मी म्हटलं.

मंत्र्यांनी चष्मा लावला, काढला, परत लावला. "म्हणजे बाई, चोऱ्या कमी झाल्याच नाहीत?"

"नाही साहेब. चोरी हा शब्द लिहिणं कमी झालं."

मग मी सगळं सांगितलं. ढाल कधी सुरू झाली, आकडे कधी बदलले. यांच्या सायकलीचंही सांगितलं. कुणीतरी हसलं, पण मंत्री हसले नाहीत. बोलताना माझे डोळे सारखे टेबलाच्या टोकाला जात होते. धाकटीचा चेहरा पडलेला बघायचा होता मला. मोठ्या तयारीने आलेल्या माणसाचं भाषण दुसऱ्याने आधीच म्हणून टाकलं की कसा होतो, तसा.

तसा काही झाला नाही. ती रडत होती. रुमालाने नाक पुसत माझ्याकडे बघत होती.

मंत्र्यांनी तिला विचारलं, "तज्ज्ञांचं काय म्हणणं आहे?"

ती उभी राहिली. "बाईंनी सांगितलं ते पूर्ण खरं आहे. मला त्यात भर घालायची नाही." आणि बसली. दहा मिनिटांतलं एक मिनिटही वापरलं नाही.

जिंकले! तिच्याकडे बोलायला काही उरलंच नाही. पायाखालची सतरंजी ओढली मी तिच्या. रडेल नाही तर काय करील?

घरी येताना आईसाठी केळी घेतली आणि उगाचच चार जास्त घेतली.

मंगळवार, १९ मार्च

अहवाल आमच्याकडून काढून घेतला. मंत्र्यांचा हुकूम आहे, सगळी मोजणी नव्याने, गहाळ धरून. ती बाहेरची समिती करणार. संपादक वगैरे कुणी नाही. माझी बदली कार्यालयाच्या ग्रंथालयात. आमच्या ग्रंथालयात आमचीच जुनी पुस्तकं आहेत, ती कुणी वाचायला येत नाही.

साहेबांनी बोलावलं. इतकं चिडलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. "बाई, तुमच्या हातात आलेलं घालवलंत. का? तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

"आज ना उद्या बाहेर आलंच असतं साहेब. माझी बहीण सांगणारच होती."

"तुमची बहीण? ती तीन आठवड्यांपूर्वी इथे येऊन हे मला सांगून गेली. मी म्हटलं, हे वगळा. तर हो म्हणाली."

"हो म्हणाली?"

"म्हणाली, मी नाही बोलणार. पण ताईला दिसलं तर ती बोलेल, तिला मी थांबवणार नाही, तुम्हीही थांबवू शकणार नाही. मी हसलो. म्हटलं, ज्यांचं नाव मुखपृष्ठावर येतंय त्या कशाला बोलतील?" त्यांनी समोरची फाईल मिटली. "माझं चुकलं. तिचा अंदाज बरोबर निघाला."

मी केबिनमधून बाहेर आले ते सरळ ग्रंथालयात गेले. पट्टीने तिथे माझी खुर्ची आधीच नेऊन ठेवली होती. कुणी विचारलं तर सांगू म्हणाला, बाईंना ती सवयीची आहे. मी बसले.

ती बोलणारच नव्हती.

रविवार, २४ मार्च

धाकटी आली होती. आईला सगळं सांगायचं म्हणून खास. मी स्वयंपाकघरात थांबले होते, पण तिने हात धरून बाहेर आणलं आणि आईसमोर बसवलं.

"आई, तुला सांगते, अख्ख्या दालनात एकजण बोलायला तयार नव्हता. साहेब बाजूला, मंत्री समोर. आणि ही उठली आणि सगळं स्वच्छ सांगितलं. स्वतःच्या हाताने स्वतःची रेघ खोडली हिने."

"तू का नाही बोललीस?" मी विचारलं. आवाज चढला माझा. "तुला तर आधीच माहीत होतं. पट्टीला सांगितलंस, मला कळू देऊ नको म्हणून."

ती गोंधळली. "अगं, मी सांगितलं असतं तर ते माझं झालं असतं. बाहेरून आले आणि तुझी चूक काढली, असं. मला ते नको होतं. तुझं आयुष्य आहे त्या रेघेत." मग खाली बघत म्हणाली, "आणि खरं सांगू का? मला भीती वाटत होती. साहेबांनी वगळा म्हटलं, मी मान डोलावली. तू गप्प बसली असतीस ना ताई, तर मीपण बसले असते. तुझ्या डोळ्यांदेखत तुझ्याविरुद्ध बोलणं मला जमलं नसतं."

म्हणजे मी गप्प बसले असते तर काहीच झालं नसतं. मुखपृष्ठ आलं असतं, नाव आलं असतं, ग्रंथालयातली ती धूळ माझ्या नशिबी आली नसती. हे तिकडे पेपर धरून बसले होते. यांना माहीत आहे मी का बोलले ते. या घरात फक्त यांना माहीत आहे. पेपर जरासुद्धा हलला नाही, त्याबद्दल यांचे उपकार मानायला हवेत.

मी सांगणार होते. तोंडावर आलं होतं. अगं वेडे, मी खऱ्यासाठी नाही बोलले, तुझ्या आधी बोलायचं म्हणून बोलले. तुझं तोंड पडलेलं बघायचं होतं मला. पण तिने माझा हात सोडला नव्हता, आणि आई माझ्याकडे बघत होती. कधी नव्हे ते माझ्याकडे. म्हणाली, "तू अशी आहेस हे मला इतकी वर्षं कळलंच नाही गं."

"मला माहीत होतं," धाकटी म्हणाली. "लहानपणापासून."

मी उठून चहा ठेवायला गेले. साखर किती घातली मोजली नाही. सगळ्यांनी गोड झालाय म्हणत प्यायला.

धाकटीच्या मनात एक ताई आहे. ती कुणाशी बरोबरी करत नाही. तिला मुखपृष्ठ नको, कौतुक नको. कुणाला घाबरत नाही, जे खरं ते बोलते आणि पुढे चालू लागते. जन्मभर मी धाकटीवर जळले. आज ती गेल्यावर लक्षात आलं, आता धाकटीवर जळावं असं काही राहिलंच नाही. मी जळतेय त्या ताईवर. तिच्याशी बरोबरी करायची तरी कशी? ती माझ्याच नावाने वावरते, माझ्याच घरात राहते, आईनेसुद्धा आज तिलाच जवळ घेतलं. आणि धाकटीचा सगळा जीव तिच्यावर आहे.